फळ्यावर खडूने काढता येईल असा लोगो: नावाची दोन अक्षरं आणि "मी कोण"

पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर स्वतःचा मोनोग्राम आणि त्याखाली दहा ओळींत स्वतःची ओळख, असं काम आम्हाला गोव्यात बीएडला मिळालं तेव्हा अर्ध्या वर्गाने त्याच रात्री मोबाईलवर कॅनव्हा उघडलं आणि सकाळी बघतो तर सगळ्यांचा लोगो जवळपास एकच, गोलात दोन इंग्रजी अक्षरं, वर पदवीची टोपी आणि खाली उघडं पुस्तक. माझाही तोच होता, लपवून काय करू. त्यानंतर चार वेळा बदलला, दोनदा फजिती झाली, आणि आता जो आहे तो मी डोळे मिटून काढू शकते. पुढच्या बॅचला हेच काम येणार म्हणून सगळं एकदा लिहून टाकते, कारण व्हॉट्सॲपवर वीस जणींना वेगवेगळं समजावून माझा अंगठा दुखायला लागलाय.

आधी मोनोग्राम म्हणजे काय ते. नावाची दोन-तीन अक्षरं नुसती शेजारी ठेवली तर ती आद्याक्षरं झाली. ती एकमेकांत अशी अडकवायची की एक काढून घेतलं तर दुसरं लंगडं पडेल, तेव्हा तो मोनोग्राम. आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा जर्मन चित्रकार होता, १४७१ ते १५२८ मधला, त्याने मोठ्या ए च्या दोन पायांच्या मध्ये छोटा डी बसवला होता आणि चित्रांवर सहीऐवजी तेच टाकायचा. पाचशे वर्षं झाली तरी बघणाऱ्याला कळतं की हा ड्यूरर. त्यात टोपी नाही, पुस्तक नाही, दिवा नाही, काही नाही. दोन अक्षरं आणि ती कशी बसवलीत एवढंच.

माझ्या मते शिक्षकाच्या लोगोला एकच परीक्षा पुरे, खडूने फळ्यावर वीतभर उंच काढता आला पाहिजे, पोरांकडे पाठ करून, दहा सेकंदांत, पुसून परत काढला तरी तोच आला पाहिजे. डॉक्टर-वकिलाचं वेगळं, त्यांचा लोगो पाटीवर छापला की काम झालं. आपला जन्म फळ्यासमोर जायचाय. सोनेरी शेडिंग, वॉटरकलरचे फराटे, केसासारख्या बारीक रेघा हे सगळं या एका परीक्षेत उडतं, आणि उडू दे.

आता अक्षरं निवडायची, आणि इथे घाई नको. माझं नाव प वरून आणि आडनाव ग वरून. इंग्रजीत केलं तर पीजी, म्हणजे फर्मागुडीला खोली भाड्याने द्यायची पाटी. बरं मग देवनागरी. कॉलेजच्या रजिस्टरला आडनाव आधी येतं म्हणून मी शहाणीने ग आधी घेतला, प नंतर, छान गोलात बसवला, दोन दिवस खपले, आणि मैत्रिणीला दाखवला तर ती इतकी हसली की पाणी नाकातून आलं. "गप". वर्गात शिकवायला जाणाऱ्या बाईच्या फाईलवर मोठ्या अक्षरात गप! तसं बघायला गेलं तर अनुभवी शिक्षकांना हाच लोगो जास्त उपयोगी पडेल, पण पोर्टफोलिओ तपासणाऱ्या मॅडमना काय सांगणार.

तेव्हा पहिलं काम, आपली अक्षरं दोन्ही क्रमाने मोठ्याने वाचून बघा. म आणि र असेल तर "मर" होतंय. आडनाव ढवळीकर असेल तर एकटा ढ घेऊन शाळेत जाऊ नका, कारण ढ म्हटल्यावर पोरं काय म्हणणार ते सगळ्यांना माहितीय (ब्राह्मी लिपीपासून हे अक्षर फारसं बदललंच नाही, म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणायला लागले असं सांगतात, खरंखोटं काही असो पण गोष्ट भारी आहे). आणि आणखी एक भानगड जी इंग्रजीत नसते, आपल्याकडे दोन अक्षरं चिकटवली की जोडाक्षर होतं आणि वाचणारा ते जोडाक्षर म्हणूनच वाचतो. त आणि र जोडले तर त्र, ज्ञानेश्वरांच्या ज्ञ मध्ये तर ज आणि ञ असे मिसळलेत की ओळखूच येत नाहीत. श आणि र वाल्यांची मात्र मजा आहे, त्यांना श्र आयता मिळतो, पत्रिकेवर श्री लिहिल्यासारखा शुभ दिसतो.

मग अक्षरं जुळवायची कशी? दुरेघी वही घ्या आणि आपली दोन्ही अक्षरं पंधरा-वीस वेळा नुसती लिहा, डिझाईन वगैरे डोक्यात न आणता. लिहिता लिहिता दिसायला लागतं की दोघांत सारखं काय आहे. देवनागरीत तीन प्रकारची घरं आहेत असं समजा. ग, म, न, प, त, स यांचा उभा दंड उजवीकडे शेवटी असतो. क आणि फ चा दंड मधोमध. ट, ठ, ड, ढ, द, ह, र यांना पूर्ण उभा दंडच नाही. दोन्ही अक्षरं पहिल्या घरातली असतील तर नशीब समजा, एकच दंड दोघांना वापरता येतो. क किंवा फ असेल तर दंडाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जागा असते, दुसरं अक्षर एका बाजूला लटकवता येतं. दोन्ही बिनदंडाची असतील, समजा द आणि ह, तर दंड विसरा आणि शिरोरेखेवर काम करा, एकाच लांब रेघेखाली दोघं, किंवा एक वर एक खाली. शिरोरेखा हे आपल्याकडचं फुकटचं सामान आहे, रोमनवाल्यांना दोन अक्षरं बांधायला बरेचदा गोल काढावा लागतो, आपल्याला वरची रेघच बांधून देते. म्हणून मी म्हणते गोल काढूच नका.

माझं कसं सुटलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या अक्षरांना तोच विचार लावता येईल. प म्हणजे डावीकडून खाली येणारी वाटी आणि उजवीकडे दंड. ग म्हणजे डावीकडे छोटा लटकता आकडा, खाली गाठ, आणि उजवीकडे दंड. दंड दोघांचा सेम. मग ग चा आकडा प च्या वाटीतच टांगला, वाटी आणि दंड वाचलं की प, आकडा आणि दंड वाचलं की ग. ड्यूररने ए च्या पायात डी ठेवला तसंच झालं, पण हे मला काढून झाल्यावर कळलं, आधी नाही. मला इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला घरच्यांना उठवून दाखवला. आई म्हणाली बरं आहे, झोप आता.

आणि मग प्रॅक्टिस टीचिंगला एका शाळेत चौथीच्या वर्गात गेले, फळ्यावर ऐटीत काढला आणि विचारलं हे काय आहे सांगा. पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि कोंकणीत म्हणाला, "टीचर, हो पोटफोडो ष न्हय?"

बरोबर होतं त्याचं. प च्या पोटात तिरपी रेघ गेली की ष होतो, आणि माझा आकडा जरा तिरपा होऊन वाटीला जाऊन टेकला होता. कागदावर सावकाश काढताना सरळ यायचा, फळ्यावर घाईत तिरपा. म्हणून सांगते, लोगो कागदावर पास झाला म्हणजे झाला असं धरू नका. ज्यांना तुमचं नाव माहीत नाही अशा चार जणांना दाखवा, त्यात दोन तरी लहान पोरं असू देत, कारण मोठी माणसं मन राखायला "हो हो, प आणि ग, छान" म्हणतात.

दुरुस्ती मग आलेखाच्या वहीवर केली. उंची बारा चौकोन धरली, दंड दोन चौकोन जाड, शिरोरेखा दीड चौकोन. दोन्ही सारख्या जाड ठेवल्या तर आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड दिसते म्हणून ती थोडी कमी, हा डोळ्याचा खेळ आहे, पट्टीने मोजून पटणार नाही पण लांबून बघितलं की पटतं. वाटी शिरोरेखेपासून नऊ चौकोनांपर्यंत खाली, आकडा पाच चौकोनांवर थांबतो, एकदम सरळ उभा, आणि वाटीचा तळ दोन चौकोन जाड म्हणजे मधे दोन चौकोन मोकळी हवा राहते. हा नियम लिहून ठेवा, आतली मोकळी जागा रेघेच्या जाडीपेक्षा कमी होऊ द्यायची नाही. कमी झाली की लहान छापताना शाई पसरून सगळं बुजतं आणि परत पोटफोड्या ष हजर.

नंतर झेरॉक्सची परीक्षा. आपले वर्कशीट झेरॉक्सचे झेरॉक्स असतात हे मान्य करू. लोगो आठ मिलिमीटर उंच छापा, त्याचा झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सचा झेरॉक्स, असं तीनदा. तिसऱ्या प्रतीत दोन्ही अक्षरं दिसली तर ठेवा. फोंड्याला तिस्कावर मी हे केलं तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला, एकच ठिपका तीनदा कशाला काढतेय ही बाय.

रंगाचं थोडक्यात. आधी काळ्यात पूर्ण करा, रंग शेवटी, आणि एकच. आपल्याकडे याचा उत्तम धडा आहे तो म्हणजे कावी. जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचे आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचे. दोनच रंग, त्यातला एक तर भिंतच, आणि फुलंपानं देवदेवता सगळं त्यात. मी माझ्या लोगोला तोच चिऱ्याचा तांबडा घेतलाय. उलट करूनही बघा, तांबड्या चौकोनात पांढरी अक्षरं. आणि फळा उलटाच असतो ना, गडदावर पांढरं. पांढऱ्या रेघा गडदावर थोड्या फुगलेल्या दिसतात तेव्हा उलट्या प्रतीत जाडी किंचित कमी करा.

आता कॉम्प्युटर. वहीवरच्या चित्राचा वरून सरळ फोटो काढा, इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या (फुकट आहे आणि कॉलेजच्या जुन्या मशीनवरही चालतं), आणि त्यावर पेन टूलने स्वतः रेघा मारा. ट्रेस बिटमॅप नावाचं बटण आपोआप करून देतं खरं, पण कागदाचे डाग, पेन्सिलचा खरखरीतपणा सगळं घेऊन येतं आणि मग शेकडो बिंदू पुसत बसा. चार रेघा आहेत हो, हाताने मारा. मग स्ट्रोक टू पाथ, मग युनियन, म्हणजे सगळे तुकडे एक होतात आणि लहानमोठं करताना जाडी बिघडत नाही. एसव्हीजी मूळ प्रत म्हणून ठेवा, स्लाईडसाठी पारदर्शक पीएनजी, छापखान्यासाठी पीडीएफ. कॅनव्हाच्या फुकट खात्यातून एसव्हीजी मिळत नाही हे शेवटच्या रात्री कळून घेऊ नका.

लोगोखाली पूर्ण नाव टाकणार असाल तर फॉन्ट बघून घ्या. मुक्त आणि बलू हे दोन्ही मोफत आहेत, स्वच्छ आहेत. पण नावात ल किंवा श असेल तर थांबा, बऱ्याच फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची येतात. आपला ल पाकळीचा, श देठाचा, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच धरलंय. पहिलीच्या पोराला आपण एक ल गिरवायला लावणार आणि आपल्याच नावात दुसरा ल, हे बरं दिसत नाही. टिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट आहे त्यात मराठी वळणं बरोबर येतात. आणि एक कळकळीची विनंती, अशोकस्तंभाचे सिंह लोगोत घालू नका, दरवर्षी कोणीतरी सरकारी शाळा म्हणून घालतंच. राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे, खाजगी लोगोत ते चालत नाही.

एक मोठी आणि एक छोटी अशा दोन आवृत्त्या करा. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण ती दोन वेगळी चिन्हं होती. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा म्हणजे शिक्का, त्यावर पूर्ण श्लोक, आणि पत्र संपलं की खाली "मर्यादेयं विराजते" अशी छोटी मोर्तब, म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, यापुढे कोणी घुसडलेलं आमचं नाही. मी तसंच करते. पहिल्या पानावर लोगो, पूर्ण नाव, विषय असं सगळं, आणि प्रत्येक लेसन प्लॅनच्या शेवटी नुसतं छोटं चिन्ह.

आता ओळख. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय आणि त्यातले बरेच आठवडे शाळांमधून जातात, त्यामुळे ओळख एकदा लिहून भागत नाही, दर वेळी वेगळ्या माणसांसमोर करून द्यावी लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात "भावी शिक्षिका" होतं. भावी म्हटलं की मला चतुर्थीच्या शुभेच्छांचे बॅनर आठवतात, हात जोडलेला माणूस आणि खाली भावी आमदार. काढून टाकलं. "लहानपणापासून मुलांची आवड" पण काढलं, कारण लहानपणी मी स्वतःच मूल होते आणि धाकट्या भावाला झोडपत होते. "शिक्षण हा पवित्र पेशा" वगैरे तर सगळ्यांच्या फाईलमध्ये आहे, वाचणाऱ्या मॅडम त्या ओळीवरून सरळ खाली उतरतात.

मग काय लिहायचं? जे फक्त तुम्हीच लिहू शकता ते. कुठून आलात, काय शिकवता, आणि वर्गात नक्की काय करून बघितलंत. कागदावरची माझी ओळख अशी आहे:

"मी सत्तरी तालुक्यातली. गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, पाचवीला इंग्रजी हायस्कूलमध्ये गेले आणि पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. घरी कोंकणी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, अशा तीन भाषांतून गणित शिकल्यामुळे मूल कुठल्या शब्दाला अडलंय ते मला बऱ्याचदा चेहऱ्यावरून कळतं. सध्या शिकवायला शिकतेय, विषय गणित आणि मराठी. अपूर्णांक मी भाकरीपेक्षा माटोळीच्या चौकटीवर जास्त चांगले शिकवते."

शेवटचं वाक्य वाचून मॅडमनी विचारलं म्हणजे काय, आणि तिथून दहा मिनिटं बोलणं झालं (माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट). ओळखीत असा एखादा खिळा ठेवा ज्याला समोरचा प्रश्न अडकवू शकेल. पण खोटा नको, पुढचा प्रश्न आला की उघडं पडतं.

स्टाफरूममध्ये एवढं नको. तिथे सगळे तास संपवून चहाला आलेले असतात. नाव, गाव, विषय, किती आठवडे आहात, आणि "माझा तास बघून काय चुकलं ते सांगा". बस. आमच्याकडे गाव सांगितलं की पुढची पाच मिनिटं आपोआप जातात, अमक्याची तू कोण, तमक्याची पुतणी का, आणि ओळख आपण न करताच होते. समोरची बाई कोंकणीत बोलली तर कोंकणीत उत्तर द्या, छापील मराठीत उत्तर दिलं की दोघीही अवघडतात.

वर्गात मात्र मी काहीच बोलत नाही. फळ्याकडे जाते आणि लोगो काढते, वाटी, दंड, आकडा, आणि शेवटी वरची रेघ. पोरांना आपण अक्षर आधी आणि शिरोरेखा शेवटी असंच शिकवतो, तोच क्रम. मग विचारते यात किती अक्षरं लपलीत. ग सापडायला वेळ लागतो, सापडला की आरडाओरडा होतो, मग नाव ओळखायला लावते, प वरून सुरू होणारी यादी प्रमिला, पूजा, पल्लवी करत करत येते. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या नावाची दोन अक्षरं घेऊन वहीत स्वतःचं चिन्ह करायचं. पस्तीस मिनिटांचा तास कधी संपतो कळत नाही, मला सगळ्यांची नावं पाठ होतात, आणि कोणाचं अक्षर कसं आहे, कोण दंड उलट्या बाजूला देतं, तेही पहिल्याच दिवशी दिसतं.

राहता राहिला रबरी शिक्का. वह्या तपासून मारायला तो हवाच, म्हापशाला करून घेतला. शिक्क्याचं रबर आरशासारखं उलटं असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी हुशारी करून चित्र आधीच उलटं करून दिलं. करणाऱ्याने त्याच्या रीतीप्रमाणे ते आणखी एकदा उलटवलं. शिक्का मारला तर दंड डावीकडे आणि वाटी उजवीकडे. तुम्ही चित्र सरळच द्या, उलटवायचं काम त्याचं. दुसरा करून घेतला, पण पहिला टाकला नाही, सममितीचा धडा आला की तोच पोरांच्या वहीत मारते आणि वर छोटा आरसा धरायला सांगते.